सायकलवरून कल्याण बंदराकडे

श्रोतेहो, एखाद्या रविवारी पहाटे डोंबिवलीच्या रेतीबंदरावर सायकलीवर टांग टाका. उल्हास नदी डाव्या हाताला ठेवा आणि ठाकुर्लीवरून कल्याणकडे निघा. उजवीकडे आगगाडी धडधडेल, डावीकडे खाडीचे पाणी भरतीबरोबर वर चढेल. या दोन वाटांचीच ही हकीकत आहे, बरं का!

पहिली वाट पाण्याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणचे नाव येते. पण तो सांगतो काय? सत्ता बदलली, नि इथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला जाऊ लागली. बंदर तेच, पाणी तेच. वाट मात्र अडली. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्याण पुन्हा मोठ्या पेठांत मोजले. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीवर मराठी आरमाराची जुळवाजुळव झाली.

दुसरी वाट लोखंडाची. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आलेली आगगाडी १८५४ साली कल्याणला पोचली. माल डब्यांत चढला, गलबते विरळ झाली. आपण स्टेशनाकडे तोंड केले, नदीकडे पाठ.

आता दुर्गाडीच्या टेकडीपाशी सायकल टेका. खाली पाणी काळवंडलेले दिसेल. गुरुजी, मुलांना तिथे एकच प्रश्न विचारा: राजाज्ञेने अडलेले बंदर पुन्हा उठले, आपल्याच घाणीने गुदमरलेली नदी कोण उठवणार? उत्तर मात्र मुलांनाच शोधू द्या.