पंचगंगेची 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' म्हणजे नेमकं काय? पूर आल्यावर काय काळजी घ्यावी?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" या बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं.

या आकड्यांचा अर्थ काय?

इशारा पातळी म्हणजे तयारीची वेळ. नदीकाठच्या कुटुंबांनी कागदपत्रं, औषधं आणि जनावरं हलवायला सुरुवात करावी. धोका पातळी ओलांडल्यावर वस्तीत पाणी शिरू लागतं. आंबेवाडी आणि प्रयाग चिखली या गावांना त्याचा फटका आधी बसतो. त्यामुळे 43 फुटांची वाट पाहत बसू नये. तोवर बाहेर पडायचे रस्तेच बंद झालेले असू शकतात.

शहरात पाऊस थांबला तरी पाणी का वाढतं?

पंचगंगेला पाणी येतं ते घाटमाथ्यावरून. कोल्हापुरात ऊन पडलं तरी गगनबावडा, राधानगरी भागात पाऊस सुरू असेल, तर ते पाणी काही तासांनी शहरात पोहोचतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. त्यात पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला फुगवटा येतो आणि पूर ओसरायला वेळ लागतो.

धरणाच्या विसर्गाच्या बातमीत 'क्युसेक' हा शब्द येतो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी.

पुराच्या पाण्यात उतरणं धोकादायक का?

वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. एक फूट पाण्यात लहान कार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जाऊ शकतात. पाण्याखालचा रस्ता खचलाय का, हे वरून दिसत नाही. म्हणून पूल किंवा बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे फिरवावी.

बोटीत बसतानाही घाई नको. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ इथे क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट घालावं आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबावं.

हे लक्षात ठेवा

- घर सोडताना विजेचा मेन स्विच आणि गॅस बंद करा. मेन स्विचपर्यंत पाणी आलं असेल तर त्याला हात लावू नका.
- पूर पाहायला किंवा सेल्फीसाठी घाटावर, पुलावर जाऊ नका.
- मदतीसाठी 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर फोन करा.

पाणी ओसरल्यावर काय?

घरात शिरताना आधी काठीने चाचपून बघा, कारण साप आडोसा शोधत घरात आलेले असतात. वायरिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. पाणी उकळूनच प्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात वावरल्याचं आवर्जून सांगा.