इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचें ध्येय आणि अर्ध्यावरचा विद्यार्थी

हायस्कुलांत इंग्रजी कशासाठीं शिकवावें, असा प्रश्न केला असतां सुशिक्षित गृहस्थ त्याचें उत्तर तत्काळ देतात. मात्र दोघांचीं उत्तरें सहसा जुळत नाहींत. एकाच्या दृष्टीपुढें मुलाची नोकरी असते, दुसऱ्याच्या शेक्सपिअर, तर तिसऱ्याच्या परदेशचा प्रवास. आमच्या प्रांतांत या ध्येयाचा जो इतिहास घडला, तो पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ध्येयें अनेकवार पालटलीं. पण तीं ठरवितांना दृष्टि बहुतेक शेवटच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलावरच राहिली. मध्येंच शाळा सोडणाऱ्याच्या पदरांत काय पडावें, याचा विचार फार थोड्यांनीं केला.

मेकॉलेसाहेबांचें टिपण १८३५ च्या फेब्रुवारींतलें. त्यांत इंग्रजी शिकलेला एक मध्यस्थ वर्ग निर्माण व्हावा आणि त्याच्याकडून विद्या खालीं पोहोंचावी, अशी कल्पना होती. मुंबईस बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें पुढील दशकांत याच मुद्द्यावर कडाक्याचा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा निवडक लोकांच्या इंग्रजी शिक्षणाकडे. कर्नल जर्व्हिस व नाना शंकरशेट यांचें म्हणणें असें कीं, बहुजनांस ज्ञान द्यावयाचें तर तें मातृभाषेंतूनच दिलें पाहिजे. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें दोन्ही भाषांना जागा दिली: उच्च शिक्षणास इंग्रजी, सामान्यांस देशी भाषा. कागदावर ही वांटणी समंजस होती.

ती व्यवहारांत टिकली नाहीं, याचें कारण १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ. १८५९ सालीं मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा झाली. तींतून न्यायमूर्ति रानड्यांसारखे पुरुष पुढें आले, हें विद्यापीठाचें भूषणच होय. परंतु परीक्षेचा दरवाजा एकदां उभा राहिल्यावर हायस्कुलाचा सारा रस्ता त्याच दिशेनें वळला. गणित, इतिहास, भूगोल हे विषयहि वरच्या वर्गांत इंग्रजींतूनच शिकावयाचे. म्हणून इंग्रजी हा एक विषय न राहतां सर्व विषयांची किल्ली होऊन बसला. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना मराठी वाक्याचें इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचें मराठी करण्याचा उत्तम सराव झाला. पण स्वतःच्या आवडीचें एखादें पुस्तक वाचण्याइतकी मजल फारच थोड्यांनीं मारली.

१८८२ सालच्या हंटर कमिशनपुढें महात्मा फुले यांनीं निवेदन सादर केलें. सरकारी शिक्षण कारकून आणि पंतोजी तयार करतें, स्वतंत्रपणें पोट भरूं इच्छिणाऱ्यास त्याचा उपयोग नाहीं, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप. कमिशनलाहि ही उणीव दिसली. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांना दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापारधंद्याकडे, अशी त्यानें शिफारस केली. दुसऱ्या शाखेकडे पालक फारसे वळले नाहींत. मॅट्रिकचा शिक्का नोकरीच्या बाजारांत चालत होता, दुसऱ्या शिक्क्याला तेवढी किंमत नव्हती. त्यांना दोष कसा द्यावा?

विसाव्या शतकाच्या आरंभीं वाद ध्येयाचा न राहतां पद्धतीचा झाला. भाषांतर टाकून इंग्रजी इंग्रजींतूनच शिकवावें, हा प्रत्यक्ष पद्धतीचा पुकारा मुंबई इलाख्यांतहि झाला. साधन बदललें, मुक्काम तोच राहिला.

मुक्कामाविषयींच शंका काढणारा गृहस्थ निघाला तो ढाक्यास. मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेंत शिरणारीं बहुसंख्य मुलें शेवटपर्यंत टिकत नाहींत, ही रोजची गोष्ट त्यांनीं हिशेबांत धरली. विम्याचे हप्ते कांहीं वर्षें भरून कोणी थांबला, तर कंपनी त्याला कांहीं रक्कम परत देते. शिक्षणालाहि अशी परतीची किंमत असावी, असें त्यांचें म्हणणें. चार वर्षें व्याकरण घोकून निघून जाणाऱ्या मुलाच्या हातीं कांहींच लागत नाहीं. पण तेवढ्याच काळांत सोपें इंग्रजी वाचतां आलें, तर तें जन्मभर उपयोगीं पडतें. म्हणून त्यांनीं वाचनास अग्रस्थान दिलें, आणि मोजक्या शब्दांत लिहिलेलीं, नवे शब्द बेताबेतानें आणणारीं पुस्तकें रचलीं. संभाषणाकडे त्यांनीं दुर्लक्ष केलें, हा आक्षेप अगदींच निराधार नव्हे. तथापि प्रश्न मात्र त्यांनीं योग्य जागीं नेऊन ठेवला.

स्वातंत्र्यानंतर तो प्रश्न पुनः बाजूस पडला. खेर मंत्रिमंडळाच्या काळांत मुंबई प्रांतांत इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेवर नेण्यांत आला. २००० सालीं महाराष्ट्र सरकारनें तो पहिलीवर आणला. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा मानून ध्येयाचा विचार केला खरा. पण लोकांत जो वाद गाजला, तो इंग्रजी केव्हां सुरू करावें याचाच.

आमच्या मतें वर्षें वाढविल्यानें उणीव आपोआप भरून निघत नाहीं. अभ्यासक्रमाच्या आरंभीं भाषेचें सौंदर्य, जगाचें ज्ञान, व्यक्तिमत्त्वाचा विकास असे उदात्त शब्द घालणें सोपें आहे. प्रत्येक इयत्तेच्या अखेरीस मुलाला काय करतां आलें पाहिजे, हें साध्या मराठींत लिहिणें अवघड आहे. आठवी संपवून दुकानावर बसणाऱ्या मुलाला औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचतां येते काय? दहावी झालेल्या मुलीला कोश हाताशीं घेऊन तिच्या धंद्याचें एखादें पुस्तक एकटीनें उलगडतां येतें काय? ज्या अभ्यासक्रमास याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचीं ध्येयें कितीहि उंच असलीं तरी तीं दुसऱ्या कोणाच्या मुलासाठीं लिहिलेलीं आहेत, असेंच समजावें. शेक्सपिअरला आमचा विरोध नाहीं. त्याच्यापर्यंत पोहोंचणाऱ्यांनीं अवश्य पोहोंचावें. वाटेंत उतरणाऱ्यालाहि आपलें भाडें वसूल झाल्यासारखें वाटावें, एवढीच आमची मागणी आहे.