वाचकपत्र: दुसऱ्याच्या पानावरून आपला वाचक कसा मिळतो?

आपल्या घरांत लिहिणारी माणसं कमी नाहीत. कुणी मोहल्ल्याचं छोटं मासिक काढतं, कुणी जमातीच्या वार्षिक अंकात लिहितं, कुणाच्या मुलीच्या वहीत लेख पडून असतात. अडचण एकच, वाचणारे तेच ते वीस-पंचवीस ओळखीचे लोक. अनोळखी वाचकापर्यंत पोहोचायचा सगळ्यात जुना आणि बिनपैशाचा मार्ग म्हणजे वाचकपत्र. जिथे वाचक आधीपासून जमलेले आहेत, तिथे जाऊन कामाचं काहीतरी बोलायचं.

परंपरा

मराठीत याचं मोठं उदाहरण लोकहितवादींचं आहे. भाऊ महाजनांनी 1841 मध्ये मुंबईत ‘प्रभाकर’ साप्ताहिक सुरू केलं. 1848 पासून त्यात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रं छापून येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा जेमतेम 25 वर्षांचे आणि सरकारी नोकरीत होते. पुढे ही पत्रं ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ती 108 आहेत. स्वतःचं पत्र काढण्याआधी दुसऱ्याच्या पानावर नाव झालं, ते असं. आजही ‘लोकसत्ता’च्या ‘लोकमानस’सारख्या सदरात नियमित लिहिणाऱ्यांची नावं वाचक ओळखतात.

हे काम कसं करतं?

एका पत्राने फारसं काही होत नाही. पण एकाच विषयावर माहिती असणारं नाव चार-सहा वेळा दिसलं की वाचकाच्या लक्षात राहतं आणि संपादकालाही आठवतं. पुढे त्या विषयावर लेख हवा असला की विचारणा होऊ शकते. म्हणून सगळ्या विषयांवर लिहू नका. शाळा, हातमाग, मासेमारी, वक्फच्या जमिनी, दवाखाना, जे तुम्ही रोज बघता तेच धरा.

पत्र कसं लिहावं?

- मूळ लेख पूर्ण वाचा. नुसतं शीर्षक बघून लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं.
- बातमीचं शीर्षक आणि तारीख पहिल्याच ओळीत द्या. शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा.
- मुद्दा एकच ठेवा. दीडशे-दोनशे शब्द पुरतात.
- ‘लेख आवडला’ एवढ्यासाठी पत्र नको. लेखात नसलेली एक गोष्ट द्या: आकडा, अनुभव किंवा दुरुस्ती.
- आकडा दिला तर तो कुठून घेतला ते सांगा. तहकीक न केलेली गोष्ट लिहू नका.
- शेवटी पूर्ण नाव, गाव आणि संपर्क क्रमांक लिहा. नाव छापायचं नसेल तर तशी विनंती करा, पण संपादकापासून लपवू नका.
- तेच पत्र एकाच वेळी चार वृत्तपत्रांना पाठवू नका.
- आपल्या मासिकाची जाहिरात पत्रात घुसवू नका. नावाखाली ‘संपादक, अमुक मासिक’ एवढी ओळ बस्स.

एक उदाहरण

समजा बातमी आली, ‘मुस्लिम मुली दहावीनंतर शिकत नाहीत, घरच्यांची मानसिकता जबाबदार’. राग येणं साहजिक आहे. पण ‘आमची बदनामी थांबवा’ एवढंच लिहिलं तर बातमी वाचणाऱ्याला नवीन काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आमच्या गावात दहावी झालेल्या नऊ मुली आहेत. कॉलेज 14 किलोमीटरवर आहे. परतीची शेवटची एसटी साडेतीनला सुटते आणि प्रॅक्टिकल साडेचारला संपतं. दोन घरांनी लग्न ठरवलं म्हणून शाळा सोडवली, हेही खरं. बाकी सात घरांना गाडी हवी आहे.’

या पत्रात आपली चूकही कबूल आहे, म्हणूनच बाकीचं पटतं. डेपो मॅनेजरपासून दुसऱ्या समाजातल्या पालकांपर्यंत कुणीही ते वाचू शकतं. त्यांच्याही मुली त्याच एसटीची वाट बघत असतात.

छापलं नाही तर?

कोणतं पत्र छापायचं, किती कापायचं, हा संपादकाचा अधिकार. नकार मनावर घेऊ नका, पुढचं पत्र लिहा. मात्र बातमीच चुकीची किंवा बदनामीकारक असेल तर गोष्ट वेगळी. आधी संपादकाला लेखी खुलासा पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत बातमी आल्यापासून दोन महिने, इतरांसाठी चार महिने. परिषद दंड करत नाही, पण वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते किंवा त्याचा निषेध नोंदवू शकते. आपल्या पत्रातही कुणावर पुराव्याशिवाय आरोप नको. अब्रुनुकसानीचा कायदा पत्रलेखकालाही लागू आहे.

घरातून सुरुवात

आठवड्यातून एक पत्र, असा नेम धरा. लिहिलेलं घरात मोठ्याने वाचून दाखवा. जिथे अम्मी किंवा दादी ‘म्हणजे काय?’ विचारतील, ते वाक्य बदला. छापून आलेलं कात्रण तारखेसह वहीत चिकटवा. वर्षभरात त्या वहीतच तुमच्या पहिल्या मोठ्या लेखाचा विषय सापडेल, आणि तो लेख येईल तेव्हा नाव ओळखणारे वाचक आधीच तयार असतील.