सप्रू हाऊसची परंपरा आणि आंतरविद्याशाखीय संशोधन

परराष्ट्रसंबंध हा केवळ राज्यशास्त्राचा विषय नाही, ही जाणीव भारतीय विद्यापीठांत स्वातंत्र्यानंतर हळूहळू रुजली. दिल्लीतील सप्रू हाऊसमध्ये तिला संस्थात्मक रूप मिळाले. तेथे सुरू झालेल्या कार्याची वाटचाल आजही अभ्यासण्याजोगी आहे.

इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही संस्था १९४३ मध्ये स्थापन झाली. मार्च-एप्रिल १९४७ मधील आशियाई संबंध परिषद तिच्याच पुढाकाराने भरली. आशियातील देशांविषयीचे आपले ज्ञान बहुतांशी युरोपीय ग्रंथांतून आलेले होते. स्वतंत्र राष्ट्राला ते पुरेसे नव्हते. या गरजेतून १९५५ मध्ये 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झाले. पं. हृदयनाथ कुंझरू यांचा त्यामागे मोठा वाटा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष होते. ए. अप्पादोराई हे या संस्थेचे पहिले संचालक. १९५९ मध्ये 'इंटरनॅशनल स्टडीज' हे संशोधनपर नियतकालिक निघाले आणि १९६१ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संस्थेचा भर प्रदेश-अभ्यासावर होता. एखाद्या प्रदेशाचा इतिहास, अर्थव्यवस्था, राज्यव्यवस्था, समाज आणि भाषा यांचा एकत्रित विचार करावयाचा, ही त्यामागील भूमिका. १९६२ च्या चीन युद्धानंतर अशा अभ्यासाची निकड अधिकच जाणवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने निरनिराळ्या विद्यापीठांत प्रदेश-अभ्यास केंद्रे उभी राहिली. मुंबई विद्यापीठातील आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ मधील आहे. तत्पूर्वी १९७० मध्ये सप्रू हाऊसची ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली होती.

या पद्धतीची आवश्यकता पश्चिम आशियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९७३ मध्ये तेलाचे दर भडकले. आखाती देशांत बांधकामे वाढली आणि केरळ, कोकण, हैदराबाद येथील कामगार तिकडे गेले. १९८३ मध्ये स्थलांतरविषयक नवा कायदा झाला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर १,७०,००० हून अधिक भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. तेल महागले, कामगारांकडून येणाऱ्या रकमांना फटका बसला आणि १९९१ च्या परकीय चलन संकटात भर पडली. यात परराष्ट्रनीती कोठे संपते आणि अंतर्गत लोकव्यवहार कोठे सुरू होतो, हे सांगता येणार नाही. राज्यशास्त्रज्ञाला यातील करार दिसतील, अर्थतज्ज्ञाला आकडे. परंतु घरी परतलेल्या माणसाचे काय झाले, हे दोघांच्याही नोंदींतून निसटते.

येथेच या परंपरेची मर्यादा जाणवते. प्रदेश-अभ्यासाची केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत राहिली; ज्या गावांतून माणसे परदेशी गेली, तेथील महाविद्यालये मात्र संशोधनाच्या परिघाबाहेरच राहिली. वास्तविक या महाविद्यालयांच्या आसपासच मूळ साधने आहेत: घरोघरी जपलेली पत्रे, पैसे पाठविल्याच्या पावत्या, जुने पासपोर्ट, परतलेल्या वृद्धांच्या आठवणी. इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषा या विषयांच्या तीन प्राध्यापकांनी एकत्र बसून एका गावाची अशी नोंद केली, तरी सप्रू हाऊसमध्ये आरंभलेले कार्य पुढे जाईल. कागद जीर्ण होण्यापूर्वी आणि सांगणारी माणसे काळाच्या पडद्याआड जाण्यापूर्वी ते व्हावे, इतकेच.