निद्राकालीन शिश्नोत्थान चाचणी

झोपेत आपोआप होणाऱ्या शिश्नोत्थानांची नोंद घेऊन क्लैब्याचे (नपुंसकत्वाचे) कारण मानसिक आहे की शारीरिक, हे ठरविण्याची पद्धत. झोपेत संकोच व अपयशाची चिंता यांचा अंमल राहत नाही. त्यामुळे झोपेतील उत्थान प्राकृत आढळल्यास रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) कार्यक्षम असाव्यात, हे अनुमान तिच्या मुळाशी आहे.

ही उत्थाने सु. ८५ मिनिटांच्या अंतराने होतात व प्रत्येक वेळी सु. २५ मिनिटे टिकतात, असे ओल्मेयर प्रभृती जर्मन संशोधकांनी १९४४ मध्ये दाखविले. या नियमिततेचा उलगडा तेव्हा होणे शक्य नव्हते. कारण डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था ॲझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी वर्णिली ती १९५३ मध्ये. उत्थाने प्रामुख्याने याच अवस्थेत होतात, हे चार्ल्स फिशर व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले. निदानासाठी तिचा उपयोग इस्मेत काराजान यांनी १९७० मध्ये सुचविला.

क्लैब्य बहुतांशी मनोजन्य असते, असा त्या काळी समज होता. त्यामुळे शारीरिक विकाराच्या रुग्णासही मनाचा दोष सांगितला जाई. उलट १९७३ पासून फुगविता येणारी कृत्रिम साधने शस्त्रक्रियेने बसविता येऊ लागली. त्यांत उत्थानक्षम ऊतकाची कायमची हानी होत असल्याने आधी खात्री करून घेणे अगत्याचे झाले.

प्रयोगशाळेत रुग्णास दोन-तीन रात्री झोपवून मेंदूच्या विद्युत् आलेखाबरोबरच, पारा भरलेल्या लवचिक नळीच्या कड्याने शिश्नाचा घेर नोंदवीत. घेर वाढला म्हणजे ताठरता पुरेशी आलीच असे नाही. ती पाहण्यासाठी रुग्णास मध्येच उठवावे लागे. या खर्चिक खटाटोपास पर्याय म्हणून १९८० मध्ये टपाल तिकिटांची पट्टी गुंडाळून ती सकाळी छिद्ररेषेवर फाटली आहे का, हे पाहण्याची युक्ती पुढे आली. ती स्वस्त खरी, पण कूस बदलतानाही पट्टी फाटू शकते आणि उत्थान किती वेळ टिकले हे तीवरून कळत नाही. १९८५ मध्ये वर्णन झालेले ‘रिजिस्कॅन’ हे उपकरण मुळाशी व टोकाशी दोन वेटोळ्यांनी ताठरताही मोजते. टोकाशी किमान ६०% ताठरता १० मिनिटे टिकणे प्राकृत मानतात.

मूळ अनुमान मात्र निरपवाद ठरले नाही. विषण्णता (अवसाद) किंवा झोपेतील श्वासरोध यांमुळे शरीर निर्दोष असूनही नोंद सदोष येते. संवेदी तंत्रिकांच्या विकारात ती प्राकृत येऊ शकते. सिल्डेनाफिल १९९८ मध्ये उपलब्ध झाल्यावर कारण निश्चित करण्यापूर्वीच औषध देऊन पाहण्याची प्रथा रूढ झाली व चाचणीचा वापर निवडक रुग्णांपुरता उरला.