पक्षी बोललेला चालतो, शेजारी काळा चालत नाही

ब्लॅक पँथर हे नाव आपल्या चळवळीतल्या बहुतेक तरुणांना माहीत असते. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिथूनच घेतले होते. पण त्याच अमेरिकेत, त्याच काळात, बाहुल्यांच्या एका कार्यक्रमाने वर्णद्वेष्ट्यांची झोप उडवली होती, हे सांगितले की आमचेच कार्यकर्ते हसतात. पोराटोरांच्या कार्यक्रमात कसले आले राजकारण!

'सेसमी स्ट्रीट' १० नोव्हेंबर १९६९ ला सुरू झाला. गरिबांची, विशेषतः शहरी वस्त्यांतली काळी मुले शाळेत पाऊल ठेवतानाच मागे पडलेली असतात. मग टीव्हीवरून त्यांना अक्षरे-आकडे आधीच का शिकवू नयेत, हा जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांचा प्रश्न. सुमारे ८० लाख डॉलर उभे राहिले, त्यातले निम्मे सरकारी. जाहिरात ज्या तंत्राने साबण डोक्यात बसवते, त्याच तंत्राने अक्षर बसवायचे ठरले.

बाहुल्या जिम हेन्सनच्या. तज्ज्ञांनी बजावले होते की बाहुल्या आणि खरी माणसे एकत्र दाखवू नका, मुलांचा गोंधळ होईल. जुलैत फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले, तर नुसत्या माणसांची गल्ली आली की पोरांचे लक्ष उडायचे. शेवटी तज्ज्ञांना बाजूला ठेवून आठ फुटी पिवळा बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर गल्लीत आणले.

आणि गल्ली कुठली? बंगल्यांची कॉलनी नव्हे. न्यूयॉर्कमधली जुनी घरे, पायऱ्यांवर बसून गप्पा मारणारे लोक. तिथे गॉर्डन आणि सुझन हे काळे जोडपे राहते. गॉर्डन शिक्षक. ना नोकर, ना विदूषक, ना गुन्हेगार. पहिल्याच भागात नव्या मुलीला गल्लीची ओळख तोच करून देतो.

हे आपोआप घडले नाही. सल्लागारांत चेस्टर पीअर्स हे काळे मनोविकारतज्ज्ञ होते. रोजचे बारीकसारीक अपमान माणसाला कसे पोखरतात हे मांडून 'मायक्रोअॅग्रेशन' हा शब्द त्यांनीच दिला. 'तू त्यातला वाटत नाहीस' हे ज्यांनी ऑफिसात ऐकले आहे, त्यांना तो समजावून सांगायला नको.

आता मिसिसिपी. १९५४ च्या ब्राउन निकालानंतर पंधरा वर्षे तिथे टाळाटाळ चालली होती. २९ ऑक्टोबर १९६९ ला सर्वोच्च न्यायालयाने बजावले, शाळांतला वर्णभेद ताबडतोब संपवा. गोरे पालक मुलांना खासगी शाळांत हलवू लागले. अशा वेळी थेट घरातल्या पडद्यावर ही गल्ली! १९७० मध्ये राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी कार्यक्रम रोखला. बातमी एका सदस्यानेच न्यूयॉर्क टाइम्सकडे फोडली. कारण काय, तर कलाकारांत काळे-गोरे मिसळलेले आहेत, राज्याची अजून तयारी नाही, विधिमंडळ नाराज होईल. देशभर नाचक्की झाल्यावर महिनाभरात बंदी उठली. पक्षी बोलतो हे त्यांना चालत होते, शेजारी काळा असणे चालत नव्हते.

कार्यकर्त्यांनी मात्र एव्हलिन डेव्हिस हे नाव लक्षात ठेवावे. काही शहरांत सार्वजनिक वाहिनी अशा लहरींवर होती की गरिबाघरच्या जुन्या टीव्हीवर ती दिसायचीच नाही. या काळ्या बाईंनी वस्त्यांत फिरून संघटना गाठल्या, मुलांनी एकत्र बसून पाहावे अशी केंद्रे उभी केली. या कामाचे कौतुक फार कमी होते.

एक वाद घरचाही. गॉर्डन करणाऱ्या मॅट रॉबिन्सननेच रूझवेल्ट फ्रँकलिन ही जांभळी बाहुली घडवली, काळ्या वस्तीच्या बोलीत बोलणारी. ती काही काळ्या प्रेक्षकांनाच खटकली: आमची पोरे अशी दाखवता? सत्तरच्या दशकाच्या मध्याला ती बंद झाली. आम्हाला दोन्ही बाजू कळतात, कारण आईची बोली वर्गात नेली म्हणून हसे झालेले आमच्यातही कमी नाहीत. पण बाहुलीबरोबर ती बोलीही गल्लीतून गेली, याची चुटपुट राहते.

२०१६ पासून या कार्यक्रमाचे नवे भाग आधी एचबीओ या पैसे भरून पाहायच्या वाहिनीवर येऊ लागले. मोफत सार्वजनिक वाहिनीवर ते नऊ महिन्यांनी. ज्यांच्यासाठी गल्ली बांधली होती, त्या मुलांना नऊ महिने थांबायला सांगितले गेले.