अनेक पट्टे, एक पद: मुष्टियुद्धातील जगज्जेतेपदाच्या अभ्यासाची प्रस्तावना

केन नॉर्टन हेवीवेट जगज्जेतेपदासाठी तीनदा रिंगणात उतरला आणि तिन्ही वेळा हरला. 1974 मध्ये कराकासला जॉर्ज फोरमनने त्याला दुसऱ्याच फेरीत लोळवले. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मुहम्मद अलीने गुणांवर हरवले. 9 जून 1978 रोजी लास व्हेगासला लॅरी होम्सने पंधरा फेऱ्यांच्या झुंजीनंतर त्याच्यावर निसटती मात केली. तरीही जगज्जेत्यांच्या यादीत नॉर्टनचे नाव आहे. होम्ससमोर तो उभा राहिला तो आव्हानवीर म्हणून नव्हे, जगज्जेता म्हणून.

हे घडले असे. फेब्रुवारी 1978 मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे, म्हणजे डब्ल्यूबीसीचे, म्हणणे होते की स्पिंक्सने आधी नॉर्टनशी लढावे. स्पिंक्सने अलीशी पुन्हा लढायचे ठरवले. मार्चमध्ये संघटनेने त्याचे पद काढून घेतले आणि नॉर्टनला दिले. आधार कोणता, तर आदल्या नोव्हेंबरात त्याने जिमी यंगवर मिळवलेला विजय. ती लढत झाली तेव्हा ती जगज्जेतेपदाची नव्हती. मागाहून ती तशी मानली गेली.

या विषयाकडे येणारा जवळजवळ प्रत्येक वाचक एकच प्रश्न घेऊन येतो: मग खरा जगज्जेता कोण? हा प्रश्न भाबडा आहे असे सांगून वाचकाला दारातूनच परत पाठवणारे जाणकार पुष्कळ भेटतात. मला तो प्रश्न मोलाचा वाटतो. एकाच हंगामात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ पाहिलेल्या मराठी वाचकाला तर त्यातली तळमळ वेगळी समजावून सांगायला नको. त्याचे उत्तर मात्र एखाद्या संघटनेच्या दप्तरात शोधू नये. अधिमान्यता ही कुणाच्या तिजोरीत ठेवलेली वस्तू नाही. ती प्रतिस्पर्ध्यांनी, प्रेक्षकांनी, वृत्तपत्रांनी आणि कधी न्यायालयांनी दिलेल्या मान्यतेतून घडते आणि मोडतेही. कोणत्याही पदाविषयी आपण विचारायचे ते हे: हा दावा कुणी केला, कशाच्या बळावर, आणि तो कुणी मानला?

व्यावसायिक मुष्टियुद्धाला फुटबॉलच्या फिफासारखी एकच सर्वमान्य जागतिक संस्था कधीच नव्हती. 7 सप्टेंबर 1892 रोजी न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटने जॉन सलिव्हनला एकविसाव्या फेरीत पाडले, तेव्हा पद बहाल करायला कुणी अध्यक्ष हजर नव्हता. जगज्जेत्याला हरवणारा जगज्जेता, एवढाच नियम होता आणि तो सगळ्यांना पटलेला होता. पण जगज्जेता न हरताच बाजूला झाला की या नियमाकडे उत्तर नसते. 1905 मध्ये जेम्स जेफ्रीज अपराजित असताना निवृत्त झाला. मग रीनो येथे मार्विन हार्ट आणि जॅक रूट यांची लढत लावली गेली आणि पंच म्हणून खुद्द जेफ्रीजलाच उभे केले. जिंकलेल्या हार्टला लोकांनी अर्ध्या मनानेच स्वीकारले. परंपरेत पहिली ठिगळजोड झाली ती तिथे.

त्याहून खोल जखम वर्णभेदाची आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने ती आधी पाहावी असा माझा आग्रह आहे. पूर्वी एकच जगज्जेता होता आणि संघटनांनी सगळे बिघडवले, असे हळहळून सांगितले जाते. तो एकच जगज्जेता बहुतेक काळ कातडीच्या रंगाची रेघ ओढून ठरवलेला होता. कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांसाठी ‘कलर्ड हेवीवेट’ असे वेगळे पद होते. 26 डिसेंबर 1908 रोजी सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून ती रेघ ओलांडली, तर काही प्रमोटरांनी ‘श्वेत हेवीवेट जगज्जेता’ असे नवे पद काढले आणि 1913 च्या सुरुवातीला ल्यूथर मॅकार्टीला ते दिले. पुढे जॉन्सननेही, जगज्जेता असताना, सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. आपल्या काळातल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्यांत गणला गेलेला लँगफर्ड हेवीवेट जगज्जेतेपदासाठी एकदाही लढू शकला नाही. ज्या पदासाठी सर्वांत धोकादायक प्रतिस्पर्ध्याला लढूच दिले जात नाही, ते पद निर्विवाद म्हणावे का? या प्रश्नाला टाळून लिहिलेला कोणताही इतिहास मला अपुरा वाटतो.

अभ्यासाचे खरे धडे हेवीवेटपेक्षा लहान वजनगटांत मिळतात, म्हणून नवशिक्याला मी आधी फ्लायवेटकडे पाठवतो. 1923 मध्ये फिलिपाइन्सच्या पांचो व्हिलाने न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वेल्सच्या जिमी वाइल्डला सातव्या फेरीत नॉकआउट केले. त्याच्या पदाविषयी वाद नव्हता. 1925 मध्ये दाताच्या दुखण्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने तो 23 व्या वर्षी गेला. त्याच्यामागे 1927 मध्ये फिडेल लाबार्बाने हक्क सिद्ध केला आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डला शिकायला जायचे म्हणून पद सोडले. मग पद फुटले. न्यूयॉर्क राज्याचा आयोग एकाला मानू लागला, इतर राज्यांची नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन दुसऱ्याला, आणि पॅरिसच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग युनियनचे मत आणखी वेगळे असे. 26 डिसेंबर 1930 रोजी असोसिएशनचा फ्रँकी जेनारो आणि न्यूयॉर्कचा मिजेट वोलगास्ट मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोरासमोर आले. निकाल लागला असता तर तिढा सुटला असता. पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली.

पुढच्या वर्षी पॅरिसला जेनारोला दुसऱ्या फेरीत पाडून ट्युनिसचा व्हिक्टर ‘यंग’ पेरेझ जगज्जेता झाला. ज्यू असलेल्या या तरुणाला नाझींनी पुढे ऑशविट्झला नेले आणि जानेवारी 1945 मध्ये कैद्यांना हाकलत नेले जात असताना तो मारला गेला. पेरेझकडून पद मँचेस्टरच्या जॅकी ब्राउनकडे आणि ब्राउनकडून 1935 मध्ये ग्लासगोच्या बेनी लिंचकडे गेले. दुसरी शाखा तोवर स्मॉल मोंटाना या फिलिपिनो योद्ध्यापर्यंत पोचली होती. 19 जानेवारी 1937 रोजी वेम्बलीत लिंचने मोंटानाला गुणांवर हरवले आणि जवळपास दहा वर्षांची फूट मिटली. ती मिटवण्यासाठी कोणतीही बैठक झाली नाही, दोन दावेदार लढले. लिंचने मात्र ते पद कोणाच्या ठोशाने गमावले नाही. 1938 मध्ये पेझली येथे तो वजनकाट्यावर साडेसहा पौंड जास्त भरला आणि पद तिथेच गेले. त्याच लढतीत त्याने जॅकी जुरिकला नॉकआउट केले, पण त्याचा उपयोग नव्हता.

आज आपल्याला माहीत असलेली संघटनांची चौकडी या पायावर उभी आहे. नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनची 1962 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूबीए, झाली. 1963 मध्ये मेक्सिको सिटीत डब्ल्यूबीसी स्थापन झाली, 1983 मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन, म्हणजे आयबीएफ, आणि 1988 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे डब्ल्यूबीओ. सतरा वजनगटांना चार संघटनांनी गुणले की जगज्जेत्यांची संख्या कुठे जाते ते वाचकाने पाहावे. त्यात डब्ल्यूबीएने ‘सुपर’, ‘रेग्युलर’ आणि ‘हंगामी’ अशी एकाच गटात अनेक पदे दिलेली आहेत.

वाढीचे कारण आर्थिक आहे. पदाच्या प्रत्येक लढतीमागे संघटना योद्ध्याच्या मानधनातून साधारण 3 टक्के शुल्क घेते. पदे जितकी अधिक, तितक्या लढती अधिक. त्यात क्रमवारी संघटनेच्याच हातात, आणि क्रमवारीत वर असल्याशिवाय पदासाठी लढता येत नाही. आयबीएफचे संस्थापक अध्यक्ष बॉब ली यांच्यावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला चालला. 2000 मध्ये त्यांना करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्याशी संबंधित आरोपांवर दोषी ठरवले गेले. डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट यादीत डॅरिन मॉरिस हा योद्धा मृत्यूनंतरही वर सरकत राहिला; तो गेल्याचे संघटनेला 2001 मध्ये कळले. 2000 च्या मुहम्मद अली कायद्याने अमेरिकेत संघटनांना क्रमवारीचे लेखी निकष जाहीर करणे भाग पाडले, ते क्रमवारीविषयीच्या अशाच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर.

योद्ध्यांनाही हे सगळे दिसत असते. 14 डिसेंबर 1992 रोजी लंडनच्या पत्रकार परिषदेत रिडिक बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा सर्वांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. महिन्याभरापूर्वीच एव्हँडर होलीफील्डला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला होता. लेनॉक्स लुइसशी लढण्याची सक्ती त्याला मान्य नव्हती. संघटनेने ते पद लुइसला दिले. हेवीवेट जगज्जेता होण्याचा मान ब्रिटनला बॉब फित्झसिमन्सनंतर प्रथमच मिळाला, पण एकही ठोसा न मारता. डब्यातून मिळालेले पद ही टीका लुइसला बरीच वर्षे सोसावी लागली. त्याने तिला उत्तर दिले ते रिंगणात: 1998 मध्ये शॅनन ब्रिग्सला हरवून त्याने फोरमनकडून आलेली परंपरा आपल्याकडे आणली आणि नोव्हेंबर 1999 मध्ये होलीफील्डला हरवून संघटनांची पदे. एखादे पद मिळताना कच्चे असू शकते आणि पुढच्या लढतींनी पक्के होऊ शकते, हे लुइसइतके स्पष्ट कुणी दाखवलेले नाही.

न्यायालयात गेलेला एक दावा इथे थोडा सविस्तर सांगायला हवा. लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता रॉय जोन्स वरच्या वजनाकडे वळणार असे दिसल्यावर 21 मार्च 1998 रोजी बर्लिनला जर्मनीचा ग्रासियानो रोकिजियानी आणि मायकेल नन यांच्यात डब्ल्यूबीसीच्या रिक्त लाइट हेवीवेट पदासाठी लढत झाली. रोकिजियानी जिंकला आणि संघटनेच्या यादीत त्याचे नाव जगज्जेता म्हणून छापले गेले. जोन्स परतल्यावर संघटनेने पद त्याला दिले आणि आधीचा उल्लेख छपाईतली चूक होती, असा पवित्रा घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रोकिजियानीला 3 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. डब्ल्यूबीसीला दिवाळखोरीच्या संरक्षणाचा आसरा घ्यावा लागला आणि अखेर तडजोड झाली. न्यायालयाने तपासला तो करार: कोणते पद देऊ केले होते आणि ते दिले का. श्रेष्ठ कोण हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हताच. कायदेशीर हक्क आणि क्रीडा-श्रेष्ठता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान अभ्यासकाने कायम ठेवावे.

परंपरेचा, म्हणजे जगज्जेत्याला हरवणारा जगज्जेता या नियमाचा, धागा तरी विश्वासाचा आहे का? बराचसा आहे, आणि माझा कल त्याच्याकडेच आहे. रिंगणात ठरलेले मी बैठकीत ठरलेल्याच्या वर ठेवतो. नोव्हेंबर 2015 मध्ये टायसन फ्युरीने व्लादिमिर क्लिच्कोला हरवले आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने आपले पद काढून घेतले, तरी फ्युरीने काय मिळवले होते याविषयी कुणाच्या मनात संदेह आला नाही. पण हा धागाही तोकडा पडतो. 1997 मध्ये डारियुश मिखालचेव्स्कीने व्हर्जिल हिलला हरवले आणि अनेकांच्या मते लाइट हेवीवेटची परंपरा त्याच्याकडे आली. संघटनांची मोठी पदे मात्र रॉय जोन्सने एकेक करून गोळा केली, आणि त्या काळात जोन्सहून सरस कोणी आहे असे म्हणणारे फार थोडे होते. दोघे कधी लढले नाहीत. धाग्याच्या टोकाला असलेला योद्धा आणि त्या गटातला सर्वांत समर्थ योद्धा वेगळे असू शकतात. तटस्थ कौल मासिकाकडून घ्यावा म्हटले, तर 1922 पासून निघणाऱ्या ‘द रिंग’च्या क्रमवारीतले फेरफार 1977 च्या अमेरिकन स्पर्धेच्या वेळी उघडकीला आले होते. निर्दोष साक्षीदार या विषयात मिळत नाही. साक्षी ताडून पाहाव्या लागतात.

भारतीय वाचकासाठी हे पट्टे आता दूरचे राहिलेले नाहीत. 5 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवून डब्ल्यूबीओची दोन प्रादेशिक पदे एकत्र केली. डोकलामचा तणाव चालू होता. जिंकल्यावर विजेंदरने आपण हे पद प्रतिस्पर्ध्याला परत द्यायला तयार आहोत, सीमेवर शांतता हवी, असे जाहीर केले. अशी प्रादेशिक पदे हा जागतिक क्रमवारीत शिरण्याचा मुख्य रस्ता आहे, आणि त्यांच्या अधिमान्यतेवर अजून फारसे कुणी लिहिलेले नाही.

महिलांच्या मुष्टियुद्धात तर बरेच काम पुढे आहे. सेसिलिया ब्रेखुसने वेल्टरवेट गटातली चारही पदे 2014 मध्ये एकत्र केली. पुरुषांच्या हेवीवेटमध्ये ऑलेक्सांद्र उसिकला तेच साधायला मे 2024 उजाडावा लागला. महिलांच्या पदाच्या लढती रूढीने दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्या असतात. 27 ऑक्टोबर 2023 रोजी अमांडा सेरानो पुरुषांप्रमाणे तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या लढली. डब्ल्यूबीसीने त्या लढतीला मान्यता दिली नाही, आणि डिसेंबरमध्ये सेरानोने त्यांचा पट्टा सोडून दिला. लढतीची लांबी किती असावी यावरून एका जगज्जेतीने पद नाकारले, तर तिच्या वजनगटातल्या पुढच्या डब्ल्यूबीसी विजेतीचा दावा कसा मोजायचा, हा प्रश्न आज खुला आहे. या लढती खेळलेल्या, त्यांचे करार केलेल्या आणि गुण दिलेल्या व्यक्ती हयात आहेत, बोलायला तयार आहेत. नव्या अभ्यासकाने त्यांच्यापासून सुरुवात करावी.